शहेजाद तांबोळी यांचे खाते हटवल्याबाबत

दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे
पोलीस ठाणे, पुणे शहर

श्रीमती मेहरुन शहेजाद तांबोळी, वय ६१ वर्षे, व्यवसाय अभ्यासिका चालवणे, पूर्वीची नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर, राहणार शनिवार पेठ, पुणे.

मला आज पोलीस ठाण्यात बोलावून विचारपूस केल्यावरून जे घडले ते माझ्या शब्दांत सांगते, ते असे की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती शहेजाद दादामियाँ तांबोळी हे शाळेत भूगोलाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सदाशिव पेठेत, स्टेशनरीच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर मुलींसाठी अभ्यासिका सुरू केली. तेथे अडतीस खुर्च्या आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली सकाळी सहापासून तेथे येऊन बसतात. दिनांक १२ सप्टेंबर २०२४ रोजी माझे पती मयत झाले. तेव्हापासून अभ्यासिका मी चालवते. मला मिसबा नावाची एक मुलगी आहे. ती हैदराबाद येथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे.

माझे पती दर रविवारी भूगोलाचे व्याख्यान घेत. त्याला मुले आणि मुली दोन्ही येत. त्या सर्वांसाठी त्यांनी चॅटच्या एका ॲपवर ग्रुप केला होता. ग्रुपमध्ये शेवटी चारशे बारा जण होते. त्यात हजेरी, नोट्स आणि गप्पा असे तीन चॅनल होते. ग्रुपची मालकी माझ्या पतींच्या खात्याकडे होती.

त्या ग्रुपसाठी मिसबाने एक छोटा प्रोग्रॅम तयार करून दिला होता. मुली त्याला बॉट म्हणत. तिरकी रेघ आणि पुढे एक शब्द लिहिला की तो उत्तर देई. ‘जागा’ लिहिले की रिकाम्या खुर्च्यांचे क्रमांक येत. ‘कोण’ लिहिले की कोणत्या खुर्चीवर कोण बसले आहे ते येई. तिसरा शब्द ‘सोबत’ हा होता. तो माझ्या पतींनी सुचवला होता. संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलींनी आपण किती वाजता निघणार, कोणत्या रस्त्याने जाणार आणि कोठे उतरणार ते त्यात भरायचे, म्हणजे त्याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या मुलीला तिच्याबरोबर निघता येईल, असा त्यांचा हेतू होता. मुली एकट्या चालत जातात याची त्यांना काळजी वाटे. ग्रुपमधल्या कोणीही नुसते ‘सोबत’ लिहिले की भरलेली यादी येई. बॉटचे उत्तर विचारणाऱ्यालाच दिसे. परंतु कोणी, केव्हा, काय विचारले याची नोंद मालकाच्या फोनवर राही.

माझे पती मयत झाल्यावर त्यांचा फोन मी बंद केला नाही. तो रोज चार्ज करत असे. ग्रुपचे काम मी त्यांच्याच खात्यावरून पाहत असे. तसे ग्रुपला कळवले नव्हते. का कळवले नाही, असे विचारले असता सांगते की, तशी वेळ आली नाही.

आमच्या अभ्यासिकेत स्पृहा नावाची मुलगी, वय २४, गेल्या वर्षापासून बसते. तिचे गाव शिरूर तालुक्यात आहे. येथे ती खजिना विहिरीजवळ चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते. तिचे नाव सांगण्यास तिची हरकत नाही, हे मी तिला विचारून घेतले आहे. तिचा मे महिन्यात वारजे भागातील विश्वजीत नावाच्या इसमाशी साखरपुडा झाला होता. सदर इसमाचे वय २९ असून त्यांच्या घरची पूर्वी शेती होती, आता बांधकामाच्या मालाचा व्यवसाय आहे. लग्नानंतर परीक्षा द्यायची नाही असे ठरू लागल्याने स्पृहाने ऑगस्टमध्ये साडी आणि अंगठी परत पाठवली. तेव्हापासून तिच्या घरचे तिच्याशी कामापुरते बोलतात.

दिनांक ६ नोव्हेंबर रोजी गुरुवारी दुपारी स्पृहा माझ्या टेबलापाशी आली. तिने सांगितले की, आठ दिवसांपासून विश्वजीत तिला संध्याकाळी रस्त्यात दिसतो. पहिल्यांदा तो पेरूगेटला उभा होता. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी नागनाथ पाराकडून जायचे ठरवले, तर तो तेथे उभा होता. तिसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर निघाली, तरी तो हजर होता. तो काही बोलत नसे. नुसता पाहून गाडीला किक मारून निघून जात असे. मी तिला विचारले, “कोणाला सांगितलं होतंस, कोणत्या रस्त्याने जाणार ते?”

ती म्हणाली, “कोणालाच नाही. फक्त बॉटला.”

मग ती म्हणाली, “काकू, मी काल रात्री अकाउंटच डिलीट केलं. म्हणजे माझं सगळं गेलं ना?”

मी माझ्या पतींचा फोन काढून पाहिले. तिचे सगळे संदेश जागच्या जागी होते. नावाच्या ठिकाणी फक्त ‘हटवलेले खाते’ असे आले होते. खुर्ची क्रमांक सतरा, दुपारी तीन ते साडेसात, असे तिने रोज हजेरीत टाकलेले होते. नवीन खोली मिळाली तेव्हा पुस्तके पाठवण्यासाठी एका मैत्रिणीला दिलेला पूर्ण पत्ता गप्पांच्या चॅनलमध्ये होता. त्याखाली फोन नंबर होता. तिचे नाव गेले होते आणि पत्ता राहिला होता. खाते तिनेच बंद केल्याने आता ते संदेश तिला स्वतःला पुसता येत नव्हते. हे मी तिला सांगितले. मी तिला सतरा नंबरवरून उठवून माझ्या टेबलाशेजारी बसवले.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता विश्वजीत अभ्यासिकेच्या जिन्यात आला. तो पायऱ्या चढत असताना मी दारात जाऊन उभी राहिले. त्याला त्यापूर्वी मी पाहिले नव्हते. तो म्हणाला, “मावशी, स्पृहाशी दोन मिनिटं बोलायचं हाय.”

मी म्हटले, “अशी कोणी इथे आहे, असं आपल्याला कोणी सांगितलं?”

“सतरा नंबरला बसती ती. खिडकीपाशी. तीन ते साडेसात. मला ठावं हाय समदं.”

मी म्हटले, “ही मुलींची अभ्यासिका आहे. आपण खाली रस्त्यावर उभे राहा किंवा घरी जा. घरी गेलात तर पाय दुखणार नाहीत.” त्यावर तो जिना उतरून निघून गेला. मी दाराला आतून कडी घातली. अभ्यासिका सुरू असताना कडी घालण्याची ती पहिलीच वेळ होती.

सतरा नंबर त्याला कसा माहीत, हा प्रश्न मला पडल्याने मी बॉटच्या नोंदी उघडल्या. दिनांक २९ ऑक्टोबर रोजी ‘शेफाली अभ्यास’ या नावाचे एक खाते ग्रुपमध्ये आले होते. त्या खात्याने एकही नोट उघडली नव्हती, एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याने नऊ दिवसांत फक्त ‘कोण’ आणि ‘सोबत’ हे दोन शब्द मिळून त्रेसष्ट वेळा लिहिले होते. स्पृहाने खाते बंद केल्यावर बॉटकडून तिचे नाव येणे थांबले, म्हणून तो स्वतः जिन्यात आला, असा माझा अंदाज आहे.

मी ते खाते लगेच ग्रुपमधून काढले. त्यानंतर अर्ध्या तासात दुसऱ्या मुलीच्या नावाने एक नवीन खाते आले आणि त्यानेही ‘सोबत’ असे लिहिले. तेही मी काढले. ग्रुपमध्ये येण्याची लिंक खालच्या फलकावर चिकटवलेली होती. गेल्या तीन वर्षांत ती किती जणांच्या फोनवर गेली असेल याचा हिशेब लागत नाही. त्या वेळी ‘सोबत’मध्ये सत्तावीस मुलींच्या संध्याकाळच्या वेळा आणि रस्ते भरलेले होते. हे मी स्पृहाला सांगितले नाही.

पोलिसांकडे जाऊ या, असे मी स्पृहाला म्हटले. तिने सांगितले की, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, घरी कळले तर तिला परत बोलावून घेतील. मी तिला म्हटले की, तू म्हणशील त्या दिवशी जाऊ, पण तोपर्यंत लिहून ठेवू. त्या दिवशी सात वाजता मी स्वतः तिला खोलीपर्यंत पोहोचवले.

त्यानंतर मी मिसबाला फोन केला. मी म्हटले, “तुझा बॉट मला पुसून टाकायचा आहे.” तिने कारण ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “अम्मी, घाईत अकाउंट आधी डिलीट करू नकोस, नाहीतर त्या मुलीसारखं होईल. आधी मेसेज. मग कमांड, म्हणजे कोणी काही विचारूच शकणार नाही. मग बॉटचं ॲप. ग्रुप सगळ्यात शेवटी. आणि त्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेव.” थोड्या वेळाने तिने विचारले, “अब्बूंचे प्रश्नपण जातील ना?” मी हो म्हटले. ती म्हणाली, “ठीक आहे.”

या प्रश्नांबाबत खुलासा करते की, माझे पती हजेरीच्या चॅनलमध्ये रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भूगोलाचा एक प्रश्न टाकत. मुले दिवसभरात उत्तरे देत. बरोबर उत्तर कोणाचे, ते संध्याकाळी जाहीर होई. हे प्रश्न आणि मुलींची हजेरी एकाच चॅनलमध्ये एकाखाली एक होती. ॲपमध्ये चौदा दिवसांच्या आतले संदेश एकदम पुसता येतात, त्याआधीचे एकेक करून पुसावे लागतात. हजेरी वेगळी करून पुसायची तर आठ-दहा दिवस लागले असते. अख्खा चॅनल काढून टाकायला एक मिनिट लागते.

शुक्रवार दिनांक ७ रोजी सकाळी सहा वाजता मी कामाला बसले. ‘शेफाली अभ्यास’ या खात्याच्या त्रेसष्ट नोंदी आणि स्पृहाचे सगळे संदेश मी लांब वहीत तारीखवार उतरवून काढले. मिसबाने सांगितले म्हणून फोटोही काढले. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलचे तिकीट आम्ही हाताने लिहीत असू. कोणी मागितला, कोणासाठी मागितला, किती वाजता, ते त्यावर येई. त्याच पद्धतीने लिहिले. एकूण बावीस पाने झाली. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी लिहिणे संपले.

माझ्या पतींचे प्रश्न मी वहीत उतरवले नाहीत. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. शेवटचा प्रश्न १२ सप्टेंबरचा होता. भीमा आणि नीरा कोठे मिळतात, असा तो होता. त्या दिवशी चोवीस मुलांनी उत्तर दिले होते. संध्याकाळी कोणाचे बरोबर ते जाहीर व्हायचे राहून गेले होते. मला उत्तर माहीत असल्याने मी ती चोवीसही उत्तरे तपासली. एकवीस बरोबर होती.

दोन वाजता मी अभ्यासिकेतल्या मुलींना एकत्र बोलावून ग्रुप बंद करत असल्याचे सांगितले. ज्यांना नोट्स उतरवून घ्यायच्या असतील त्यांना एक तास दिला. बाहेरच्या मुलांना कळवायला हवे होते, ते मी कळवले नाही. ग्रुपवर लिहिले असते तर ते विश्वजीतलाही कळले असते, असे मला वाटले. त्याबद्दल मी मुलांची दिलगिरी व्यक्त करते.

तीन वाजून पाच मिनिटांनी मी हजेरी, मग गप्पा, मग नोट्स असे तिन्ही चॅनल काढले. प्रत्येक वेळी ॲपने विचारले की, खात्री आहे का, हे परत मिळणार नाही. मी प्रत्येक वेळी हो केले. त्यानंतर ‘कोण’, ‘सोबत’ आणि ‘जागा’ या तीन कमांड मिसबाने फोनवर सांगितल्याप्रमाणे काढल्या. त्यानंतर एका मुलीने सवयीने बॉटला थेट ‘सोबत’ लिहून पाहिले, तर ही कमांड उपलब्ध नाही असे उत्तर आले. मग बॉटचे ॲप हटवले, मग ग्रुप. चार वाजता सर्व काम आटोपले.

आता ज्याबद्दल मुख्यतः विचारले आहे त्याबाबत सांगते. माझ्या पतींचे खाते हटवणे आवश्यक नव्हते. मिसबाने तसे स्पष्ट सांगितले होते. ग्रुप गेल्यावर त्या खात्याकडे काही उरले नव्हते, ते राहिले असते तरी कोणाला त्याचा उपद्रव नव्हता. मी चहा करून प्यायले. त्यानंतर चार वाजून पस्तीस मिनिटांनी ते खाते माझ्या मर्जीने हटवले. कारण विचारले असता सांगते की, त्याचे काम झाले होते.

शनिवार दिनांक ८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास विश्वजीत पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर त्याची आई मथुराबाई, वय अंदाजे ६०, होत्या. त्या जिना चढून आल्यामुळे दमल्या होत्या, म्हणून मी त्यांना खुर्ची आणि पाणी दिले. मुलाला मी दाराबाहेरच थांबवले. त्या म्हणाल्या, “बाई, पोरगी रुसलीया म्हणून आले. ह्यो म्हनतो, ती रोज बोलती त्याच्याशी. कुठं बसती, कवा निघती, समदं सांगती. मग मला सांगा, लगीन मोडलं कशापायी?”

मी त्यांना म्हटले, “ताई, तिने त्यांना काही सांगितलेलं नाही. आपल्याला वाचता येतं का?”

त्या म्हणाल्या, “न्हाई. तुमी वाचा.”

मी वही काढून पहिल्या पानापासून वाचू लागले. एकोणतीस ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून चार मिनिटे, शेफाली या नावाने विचारले, कोण. त्याच दिवशी दुपारी तीन वाजून अकरा मिनिटे, कोण. संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटे, सोबत. सहा वाजून चाळीस मिनिटे, सोबत. शेफाली म्हणजे कोण, असे त्यांनी मध्येच विचारले. मी दाराकडे पाहिले. त्यांनीही पाहिले. विसाव्या-पंचविसाव्या नोंदीला विश्वजीत बाहेरून म्हणाला, “आई, चल आता.”

त्या म्हणाल्या, “थांब. बाई वाचत्यात.”

मी त्रेसष्टच्या त्रेसष्ट नोंदी वाचल्या. त्याला वीस मिनिटे लागली. अभ्यासिकेतल्या मुली माना खाली घालून बसल्या होत्या, पण त्या वेळात कोणी पान उलटल्याचे मला ऐकू आले नाही. वाचून झाल्यावर मथुराबाईंनी विचारले, “ह्यात तिनं येकदा तरी ह्याला काय इचारलंय का?”

“नाही.”

“येकदाबी?”

“एकदाही नाही.”

त्या उठल्या आणि दारापाशी गेल्या. मुलाला म्हणाल्या, “बाईचं नाव घेऊन बाईच्या मागं फिरलास व्हय? फोन काढ.” त्याने फोन काढला. त्या म्हणाल्या, “मला त्यातलं कळत न्हाई. ह्या बाई सांगतील तसं कर.” मी त्याला ‘शेफाली’चे आणि त्यानंतरचे दुसरे, अशी दोन्ही खाती माझ्यासमोर हटवायला सांगितली. तसेच स्पृहाच्या संदेशांचे फोटो काढले असतील तर ते दाखवण्यास सांगितले. ते अकरा होते. तेही त्याने हटवले. मग पुसलेल्या फोटोंची जी वेगळी पेटी फोनमध्ये असते, ती मी त्याला उघडायला लावली आणि तेथूनही काढायला लावले. हे मला माहीत असेल असे त्याला वाटले नसावे. त्याच्याजवळ आणखी कोठे काही आहे का ते मी सांगू शकत नाही. त्या खात्यांची नावे आणि नोंदी माझ्या वहीत आधीच लिहिलेल्या होत्या, म्हणून मी त्याला पुसू दिले.

स्पृहा त्या दिवशी सकाळीच येऊन बसली होती, ती एवढा वेळ आत होती. मी तिला बोलावले नव्हते. ती आपण होऊन उठून दारापर्यंत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिने विश्वजीतला सांगितले, “मला परत असं दिसू नकोस. तेवढंच.” तिचा आवाज नेहमीसारखा होता. मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “परीक्षा कवा हाय?”

स्पृहा म्हणाली, “पुढच्या महिन्यात.”

“दे नीट.”

एवढे बोलून त्या जिना उतरू लागल्या. कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मुलाने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. त्यानंतर आजपर्यंत सदर इसम अभ्यासिकेच्या परिसरात किंवा स्पृहाच्या वाटेवर कोणास दिसलेला नाही.

अवधूत या मुलाने दिनांक १० रोजी दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या पतींचा जुना विद्यार्थी आहे. मयत तांबोळी सरांचे खाते अज्ञात इसमाने ताब्यात घेऊन तीन वर्षांचे साहित्य नष्ट केले, असे त्याने लिहिले आहे. त्याने हे चांगल्या हेतूने केले आहे. चौदा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाच्या खात्यावरून ग्रुप पुसला गेला, म्हटल्यावर कोणालाही तसेच वाटले असते. अज्ञात इसम कोणी नाही. ते सर्व मी केले आहे. आमच्याकडे कोणताही हॅकर आलेला नाही.

काल पोलीस ठाण्यातून बोलावणे आले तेव्हाच त्याच्या अर्जाबद्दल कळले होते, म्हणून हे मी कालच अवधूतला अभ्यासिकेत बोलावून सांगितले. तो म्हणाला, “काकू, एक फोन करायचा ना. मी चार दिवस हॅकर शोधत बसलो. अभ्यास बुडाला तो वेगळाच.” त्याच्या काही नोट्स गेल्या आहेत. त्या पुन्हा लिहून काढताना तीन चुका सापडल्या, त्यामुळे तक्रार नाही, असे त्याने सांगितले. सरांचे शंभरेक प्रश्न त्याने आपल्या वहीत लिहून घेतलेले आहेत, ते त्याने मला देऊ केले. मी त्याला ते त्याच्याजवळच ठेवायला सांगितले. त्याला परीक्षा द्यायची आहे, मला नाही.

हटवल्यापासून चौदा दिवसांच्या आत लॉगिन केल्यास माझ्या पतींचे खाते परत सुरू होते, अशी ॲपची सोय आहे. ही मुदत २१ तारखेला संपते. खाते परत सुरू करण्याची माझी इच्छा आहे का, असे मला विचारण्यात आले. पासवर्ड मला पाठ आहे. तरी मी लॉगिन करणार नाही. गेल्या अकरा दिवसांत तसे करावेसे एकदा वाटले होते, ते रविवारी सकाळी सहाच्या सुमारास. त्या वेळी मुली दार उघडण्याची वाट पाहत होत्या म्हणून मी निघून गेले. त्यानंतर वाटलेले नाही.

सध्या अभ्यासिकेत रिकाम्या खुर्च्यांचे क्रमांक दारातल्या फळ्यावर खडूने लिहिले जातात. नावे लिहिली जात नाहीत. संध्याकाळी साडेसात वाजता ज्यांना निघायचे असते त्या जिन्यात जमतात आणि एकत्र निघतात. कोणत्या रस्त्याने जायचे ते खाली उतरल्यावर ठरते. बहुतेक वेळा भेळ कोठे खायची त्यावरून ठरते. मीही त्यांच्याबरोबर निघते. पूर्वी मी नऊपर्यंत एकटी बसत असे आणि रिक्षाने घरी जात असे. आता चालणे होते आणि झोप चांगली लागते.

सत्तावीस मुलींपैकी कोणाच्याही घरी मी काही कळवलेले नाही. त्यांनी ‘सोबत’मध्ये भरलेली माहिती माझ्याजवळ कोणत्याही स्वरूपात शिल्लक नाही. वही क्रमांक एक, पाने बावीस, आणि फोटोंची पेन ड्राइव्ह मी आज हजर केली असून त्याची पोहोच मला मिळाली आहे.

स्पृहा आज आपण होऊन माझ्याबरोबर आली आहे. घरी कळले तर काय, असे मी तिला सकाळी विचारले. ती म्हणाली, “कळू दे. काल मीच आईला फोन करून सांगितलं. पहिल्यांदाच नीट बोलली. परीक्षा झाल्याशिवाय येऊ नकोस म्हणाली.” तिला स्वतंत्र अर्ज द्यायचा आहे. तो तिने स्वतः लिहून आणला आहे. ती बाहेर बाकावर पुस्तक घेऊन बसली आहे. तिचा अर्ज लवकर घ्यावा, तिला तीन वाजता खुर्चीवर बसायचे असते, अशी विनंती आहे. माझी कोणाविरुद्ध व्यक्तिशः तक्रार नाही. तिची काय आहे ते ती सांगेल.

माझा हा जबाब हवालदार साहेबांनी संगणकावर टाइप करून मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. फक्त पतींच्या खात्याबद्दलच्या वाक्यात ‘नजरचुकीने हटवले गेले’ असे टाइप झाले होते. असे लिहिले तर तुम्हाला त्रास होणार नाही, असे साहेब चांगल्या मनाने म्हणाले. ते मी बदलायला लावले. आता तेथे ‘माझ्या मर्जीने हटवले’ असे आहे, ते बरोबर आहे.

जबाब देणार,
मेहरुन शहेजाद तांबोळी
(सही मराठीत)